जिवाणूत मुद्दाम बिघाड घडवून जनावरांचा रोग कसा समजून घेतात?

दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की पुणे जिल्ह्यातल्या गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत घटसर्प आणि फऱ्या या दोन रोगांच्या लसीकरणाची लगबग सुरू होते. यांपैकी घटसर्पाची धास्ती म्हशी पाळणाऱ्यांना अधिक असते, कारण गाईंपेक्षा म्हशी त्याला लवकर बळी पडतात. जोराचा ताप, गळ्याखाली सूज, श्वास घेताना घरघर अशी लक्षणे दिसेपर्यंत रोग इतका पुढे गेलेला असतो की, जनावर बरेचदा एक-दोन दिवसांतच दगावते. हा रोग ‘पास्चुरेला मल्टोसिडा’ नावाच्या जिवाणूमुळे होतो आणि त्याची ओळख विज्ञानाला सुमारे एकशे चाळीस वर्षांपासून आहे. तरीही आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी वापरली जाणारी, तुरटीच्या संयुगात बांधलेली मृत जिवाणूंची लस जेमतेम चार-सहा महिने पुरते, आणि म्हणूनच ती दरवर्षी पावसाच्या आधी टोचावी लागते.

इतक्या जुन्या शत्रूबद्दल नेमके काय कळायचे राहिले आहे, असा प्रश्न यावर साहजिकच पडतो. हाच जिवाणू निरोगी दिसणाऱ्या काही जनावरांच्या घशातही गुपचूप राहतो आणि एरवी काही करत नाही. मग तो मारक कशामुळे होतो, त्याच्या अंगातल्या कोणत्या गोष्टी त्याला रक्तात टिकू देतात आणि त्यांपैकी कोणती काढून घेतली तर तो निरुपद्रवी होईल, हे समजल्याशिवाय अधिक टिकाऊ आणि सुरक्षित लस आखून तयार करता येत नाही. हे शोधण्याची एक पद्धत ऐकायला विचित्र वाटते. तीत शास्त्रज्ञ रोगजंतूमध्ये वाटेल तिथे, म्हणजे आधी जागा न ठरवता, जनुकीय बिघाड घडवतात आणि मग त्यातून काय निष्पन्न होते ते पाहतात. करोनाच्या साथीनंतर ‘उत्परिवर्तन’ हा शब्द ऐकताच वाचकांच्या मनात धडकी भरते, आणि त्यामुळे प्रयोगशाळेत असे काही मुद्दाम केले जाते हे कळल्यावर शंका येणे स्वाभाविक आहे. त्या शंकांचा विचार या लेखात पुढे केला आहे, पण आधी मूळ गोष्ट.

जनुक आणि त्यातला बदल

जिवाणू हा एकाच पेशीचा जीव असतो आणि त्याची सगळी कृती-माहिती डीएनएच्या एका लांबलचक रेणूत, क्वचित दोन रेणूंत, साठवलेली असते. या माहितीचा जो तुकडा एखादे विशिष्ट काम करवून घेतो, बहुधा एखादे प्रथिन बनवून घेतो, त्याला जनुक म्हणतात. पास्चुरेला मल्टोसिडाच्या कोंबडीतून मिळालेल्या एका नमुन्याचा संपूर्ण जनुकसंच २००१ मध्ये वाचला गेला, तेव्हा त्यात सुमारे साडेबावीस लाख अक्षरे आणि दोन हजारांच्या आसपास जनुके आढळली. डीएनएच्या या अक्षरांत कायमचा बदल होतो तेव्हा त्याला उत्परिवर्तन म्हणतात. लाळ्या खुरकूत आणि लम्पी हे विषाणूंचे रोग आहेत. विषाणूंची गोष्ट वेगळी असल्यामुळे ते येथे विचारात घेतलेले नाहीत.

उत्परिवर्तन ही प्रयोगशाळेने आणलेली आपत्ती नव्हे. जिवाणू दुभागताना डीएनएची नक्कल होते आणि त्या नकलेत चुका होतात. एका ठोकळ हिशेबाप्रमाणे दर तीनशे नव्या पेशींमागे सुमारे एका पेशीत कुठे ना कुठे एक बदल झालेला असतो. दुधाच्या एका थेंबात लाखो जिवाणू असू शकतात हे लक्षात घेतले, तर गोठ्यात रोज किती उत्परिवर्तने आपोआप घडत असतील याचा अंदाज येतो. हे बदल जिवाणूच्या गरजेनुसार होत नाहीत, ते आधीच यदृच्छया झालेले असतात आणि परिस्थिती त्यांतले काही निवडते, ही गोष्ट साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये एका सुरेख प्रयोगाने दाखवून दिली. बदल अंदाधुंद आणि निवड मात्र काटेकोर, ही जी जोडी त्यांनी ओळखली तिच्यावरच पुढची सगळी पद्धत उभी आहे.

जुन्या लसी: बिघाड झाला, पण कुठे ते कळले नाही

जिवाणूत बिघाड घडवून लस तयार करण्याची कल्पना नवी नाही. लुई पाश्चर यांनी १८८० च्या सुमारास कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा जंतू प्रयोगशाळेत दीर्घकाळ ठेवून दुबळा केला आणि तो टोचलेल्या कोंबड्या पुढे ताज्या, जहाल जंतूलाही पुरून उरल्या. तो जंतू म्हणजे पास्चुरेला मल्टोसिडाच, आपल्या घटसर्पाच्या जिवाणूचा सख्खा भाऊबंद. जंतू दुबळा झाला हे पाश्चर यांना दिसत होते, पण त्याच्या आत नेमके काय मोडले हे कळण्याचा मार्ग त्या काळी नव्हता.

गाईंच्या सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची, ‘एस-१९’ ही लसही अशीच योगायोगाने हाती आली. १९२३ मध्ये जॉन बक यांनी एका जर्सी गाईच्या दुधातून ब्रुसेला अबॉर्टस हा जिवाणू वेगळा केला आणि तो वर्षाहून अधिक काळ प्रयोगशाळेत साध्या तापमानाला तसाच राहून गेला. नंतर पाहिले तर त्याची रोग करण्याची ताकद घटली होती. आज भारतात राष्ट्रीय कार्यक्रमाखाली चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना जी लस आयुष्यात एकदा दिली जाते ती याच जिवाणूपासून बनते. एस-१९ मध्ये एरिथ्रिटॉल नावाची शर्करा पचवणाऱ्या जनुकांच्या जागेतला सुमारे सातशे अक्षरांचा तुकडा गळालेला आहे, हे पुष्कळ दशकांनी समजले. गाभण गाईच्या वारेत ही शर्करा भरपूर असते आणि ब्रुसेलाला ती अतिशय मानवते, हे माहीत असल्यामुळे या शोधाने सगळ्यांचे कान टवकारले. पण एवढ्या एकाच बिघाडामुळे एस-१९ सौम्य झाला असे ठामपणे म्हणता येत नाही, कारण गाभण जनावराला ही लस दिली तर तिच्यामुळेही गर्भपात होऊ शकतो. कुठे काय मोडले आहे याची नोंद नसलेल्या लसीची अडचण यातून लक्षात यावी: ती उपयोगी पडते, पण तिच्यात सुधारणा कशी करायची हे तिच्याकडे पाहून उमगत नाही.

जागा न ठरवता बिघाड का करायचा?

दोन हजार जनुकांपैकी ज्यांच्यावर संशय आहे तीच निवडून बंद का करू नयेत, हा प्रश्न योग्य आहे आणि तसेही केले जाते. मात्र त्या मार्गाने आपण ज्याचा विचार केला तेवढेच सापडते. पुण्यातल्या एखाद्या जुन्या गृहनिर्माण संस्थेची कल्पना करा. तळमजल्यावर विजेचे भलेमोठे पॅनेल आहे, त्यावर कसलीही चिठ्ठी नाही आणि ज्याने वायरिंग केले तो वायरमन गाव सोडून गेला आहे. कोणता स्विच कशाचा हे ठरवायचे तर एकेक बंद करून वर कुठे अंधार झाला ते पाहावे लागते. अंदाज बांधत बसलो तर लिफ्टचा म्हणून जो वाटला तो पाण्याच्या पंपाचा निघतो. म्हणून आपल्या तर्काला बाजूला ठेवून सगळेच तपासायचे. जिवाणूच्या बाबतीत मात्र मोठी सोय अशी की, एकच इमारत पुन्हापुन्हा चाचपावी लागत नाही. एका नळीत कोट्यवधी जिवाणू असतात आणि प्रत्येकात वेगळ्या ठिकाणी एकेक बिघाड घडवला, की सगळ्या स्विचांची तपासणी एकाच वेळी करता येते.

हा बिघाड घडवण्याचे जुने साधन म्हणजे अतिनील किरण किंवा डीएनएला इजा करणारी रसायने. त्यांनी बदल होतात, पण एका जिवाणूत पाच-पन्नास ठिकाणीही होऊ शकतात आणि ते कुठे झाले हे शोधणे पूर्वी अतिशय कष्टाचे होते. यावर उपाय निसर्गातच सापडला. डीएनएचे काही तुकडे असे असतात की, ते एका जागेवरून सुटून किंवा स्वतःची नक्कल करून दुसऱ्या जागी जाऊन बसतात. त्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात. बार्बारा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरील रंगांच्या ठिपक्यांवरून त्यांचा छडा लावला आणि त्यासाठी त्यांना १९८३ चा नोबेल पुरस्कार मिळाला. असा तुकडा एखाद्या जनुकाच्या मध्येच जाऊन बसला की, त्या जनुकाचे वाचन तुटते आणि काम बंद पडते. शिवाय घुसलेल्या तुकड्याची अक्षरे आपल्याला आधीच ठाऊक असल्याने, त्याच्या शेजारची अक्षरे वाचली की कोणते जनुक मोडले ते लगेच कळते. बिघाड आणि बिघाडाचा पत्ता, दोन्ही एकदमच हाती येतात.

जाता जाता एक गंमत. या कामासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ट्रान्सपोझॉनांपैकी ‘हिमार-१’ हा मूळचा हेमाटोबिया इरिटन्स नावाच्या माशीतला आहे, आणि ही माशी म्हणजे जनावरांच्या अंगावर बसून रक्त पिणारी एक पक्की उपद्रवी जात.

प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काय घडते?

ट्रान्सपोझॉनमध्ये एखाद्या प्रतिजैविकाला, समजा कॅनामायसिनला, दाद न देणारे जनुक आधी बसवून ठेवतात. तो ट्रान्सपोझॉन बहुधा दुसऱ्या एखाद्या निरुपद्रवी जिवाणूच्या मार्फत रोगजंतूत पोहोचवतात. मग सगळे मिश्रण कॅनामायसिन घातलेल्या पोषक थरावर पसरतात. ज्यांच्यात ट्रान्सपोझॉन शिरला नाही ते मरतात, आणि ज्यांच्यात तो कुठेतरी पक्का बसला त्यांच्याच वसाहती वाढतात. अशी प्रत्येक वसाहत म्हणजे एकाच ठिकाणी मोडलेल्या जिवाणूचे कुटुंब असते, आणि अशा हजारो वसाहतींच्या संग्रहाला प्रयोगशाळेच्या भाषेत ‘लायब्ररी’ म्हणतात.

लायब्ररी किती मोठी हवी, याचा हिशेब सामान्य अंदाजाला चकवणारा आहे. दोन हजार जनुके आहेत म्हणून दोन हजार वसाहती गोळा केल्या, तर काम भागेल असे वाटते. पण बिघाड यदृच्छया होत असल्यामुळे काही जनुके दोनदा-तीनदा मोडतात आणि काही सुटून जातात. सगळी जनुके सारख्या लांबीची धरली तर दोन हजार वसाहतींत सुमारे ३७ टक्के जनुके अजिबात न मोडलेली राहतात. दहा हजार वसाहती केल्या तर सुटणाऱ्या जनुकांचे प्रमाण एका टक्क्याखाली, म्हणजे साधारण तेरा-चौदा जनुकांवर येते. म्हणून या क्षेत्रात लाखाच्या घरातली लायब्ररीदेखील नवलाईची मानत नाहीत.

काही जनुके मात्र कितीही वसाहती केल्या तरी मोडलेली सापडतच नाहीत. ती मोडली की जिवाणू जगतच नाही, त्यामुळे त्याची वसाहतच होत नाही. पॅनेलवरचा मुख्य स्विच बंद केला तर कोणता दिवा कशाचा हा प्रश्नच उरत नाही, तसे हे आहे. हीच अनुपस्थिती उपयोगी माहिती देते, कारण जगण्यासाठी अनिवार्य असलेली जनुके ही नव्या औषधांची लक्ष्ये ठरू शकतात.

न परतलेल्यांची मोजदाद

आता खरा प्रश्न येतो. पोषक थरावर मजेत वाढणारा जिवाणू जनावराच्या शरीरात टिकतो का? हजारो वसाहतींपैकी प्रत्येकीसाठी वेगळे जनावर वापरणे अशक्य आहे, खर्चानेही आणि नैतिकदृष्ट्याही. या अडचणीवर लंडनमध्ये डेव्हिड होल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तोडगा प्रसिद्ध केला. त्यांनी प्रत्येक ट्रान्सपोझॉनमध्ये डीएनएचा एक छोटा, इतरांपेक्षा वेगळा तुकडा ओळखखूण म्हणून घातला. अशा खुणा असलेल्या ९६ वेगवेगळ्या उत्परिवर्ती जिवाणूंचे मिश्रण एकाच उंदराला टोचले, काही दिवसांनी त्याच्या अवयवांतून जिवाणू परत काढले, आणि आत गेलेल्या खुणांपैकी कोणत्या बाहेर आल्या नाहीत ते पाहिले.

या पद्धतीतली शक्कल नीट लक्षात घेण्याजोगी आहे. येथे जो जिवाणू जिंकला त्याला महत्त्व नाही, जो परत आला नाही त्याला आहे. त्याचे मोडलेले जनुक शरीरात टिकण्यासाठी गरजेचे होते, असा निष्कर्ष निघतो. होल्डन यांच्या गटाला साल्मोनेला या आतड्याचे रोग करणाऱ्या जिवाणूमध्ये अशा जनुकांचा एक आख्खा पट्टा या मार्गाने सापडला. यजमानाच्या, म्हणजे लागण झालेल्या प्राण्याच्या, पेशीत शिरल्यावर जिवाणू ज्या यंत्रणेने स्वतःला सुरक्षित ठेवतो, तिची सामग्री त्या पट्ट्यात होती, आणि तोवर कोणी तिच्याकडे बोटही दाखवले नव्हते. न ठरवता शोधण्याचा फायदा असा दिसतो.

२००९ च्या सुमारास डीएनए वाचणे इतके स्वस्त आणि वेगवान झाले की वेगळ्या खुणाही लागेनाशा झाल्या. ट्रान्सपोझॉनच्या शेजारची अक्षरे थेट वाचून आणि ती किती वेळा येतात हे मोजून, हजारो उत्परिवर्ती जिवाणूंपैकी आत किती गेले आणि बाहेर किती आले, हे एकाच फेरीत कळू लागले. २०१३ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी साल्मोनेलाचे साडेसात हजारांहून अधिक उत्परिवर्ती प्रकार या रीतीने कोंबड्या, डुकरे आणि गोवंशीय वासरांत तपासल्याचे प्रसिद्ध केले आणि अडीच हजारांहून अधिक जनुकांची आतड्यात टिकून राहण्याच्या संदर्भातली भूमिका नोंदवली. एकच जिवाणू तीन प्राण्यांत तपासल्यामुळे, कोणती जनुके सगळीकडे लागतात आणि कोणती एखाद्याच प्राण्यात, हेही वेगळे काढता आले. मला या कामातले हे सर्वांत मोलाचे वाटते, कारण पशुवैद्यकात ‘उंदरात असे दिसले’ या वाक्यावर फार दिवस काम भागवले गेले आहे.

घटसर्प आणि गर्भपाताचे जिवाणू काय सांगतात?

पास्चुरेला मल्टोसिडावर असे प्रयोग उंदरांत आणि कोंबड्यांत झाले आहेत. त्यांतून पुढे आलेली जनुके साधारण तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार जिवाणूच्या बाह्य आवरणाचा. घटसर्पाच्या जिवाणूभोवती शर्करेचे एक निसरडे आवरण असते आणि त्यामुळे शरीरातल्या भक्षक पेशींना तो सहजी पकडता येत नाही. ते आवरण बनवण्याची क्षमता काढून घेतलेला जिवाणू उंदरांत रोग करू शकला नाही, हे स्वतंत्र प्रयोगांतही दिसले. दुसरा प्रकार खाण्यापिण्याचा. रक्तात मोकळे लोह जवळजवळ नसतेच, शरीर ते प्रथिनांत बांधून ठेवते, आणि ते ओरबाडून घेणारी यंत्रणा मोडली की जिवाणूची उपासमार होते. डीएनएसाठी लागणारे प्युरीन स्वतः बनवता न येणारे जिवाणूही असेच दुबळे ठरतात, कारण पोषक थरावर जे आयते मिळते ते रक्तात पुरेसे मिळत नाही. उरलेली जनुके तिसऱ्या प्रकारात येतात, आणि त्यांच्याबद्दल आधी कोणालाच काही ठाऊक नव्हते.

दुसरा प्रकार मला विशेष बोलका वाटतो. रोगजंतू म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर विष येते. प्रत्यक्षात यादीतली पुष्कळ जनुके विषाची नसून पोट भरण्याची असतात. परक्या घरात शिरलेल्याला आधी तिथे जगता यावे लागते, आणि लस दुबळी करण्यासाठी नेमकी हीच जनुके फार सोयीची ठरतात: अशा जिवाणूला प्रयोगशाळेत हवे ते खाऊ घालून भरघोस वाढवता येते, पण जनावरात तो फार काळ तग धरत नाही.

ब्रुसेलाच्या बाबतीत यदृच्छ बिघाडाच्या पद्धतीने १९९९ मध्ये मोठा धागा हाती लागला. हा जिवाणू भक्षक पेशीच्या आत राहतो आणि तिथे मारला न जाता वाढतो. हे कसे साधते, याचे कोडे होते. मोडलेल्या ज्या जनुकांमुळे तो पेशीत टिकेनासा झाला, त्यांत एका सुईसारख्या यंत्रणेची जनुके निघाली. तिच्या साहाय्याने तो यजमान पेशीत स्वतःची प्रथिने सोडतो आणि तिचे कामकाज आपल्याला हवे तसे वळवतो.

‘पण यातून आणखी घातक जंतू तयार होणार नाही का?’

जिथे ट्रान्सपोझॉन घुसतो तिथले जनुक बहुतेक वेळा बंद पडते, आणि नीट चाललेल्या यंत्रातला भाग तोडल्याने यंत्र सुधारण्याची शक्यता कमी असते. लायब्ररीतले बहुसंख्य जिवाणू मूळ जिवाणूइतकेच किंवा त्याहून दुबळे असतात. तरीही धोका शून्य आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. एखादे जनुक दुसऱ्याला लगाम घालत असेल, तर ते मोडल्यावर लगाम सुटू शकतो, आणि असे प्रकार नोंदले गेलेले आहेत. शिवाय प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक आपण स्वतःच आत घातलेले असते. म्हणून ज्या प्रतिजैविकावर त्या रोगाचा उपचार अवलंबून आहे त्याचे जनुक वापरायचे नाही, हा साधा पण महत्त्वाचा नियम पाळावा लागतो. भारतात असे काम पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांत बसते. प्रत्येक संस्थेत त्यासाठी जैवसुरक्षा समिती असावी लागते, आणि ब्रुसेलासारख्या माणसालाही होणाऱ्या रोगाच्या जिवाणूवर काम करायला तिसऱ्या पातळीची बंदिस्त प्रयोगशाळा लागते.

ही काळजी आजची नाही. भारतातील पशुरोग संशोधनाची पहिली सरकारी प्रयोगशाळा, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, १८८९ मध्ये पुण्यातच सुरू झाली होती. जनावरांच्या अत्यंत सांसर्गिक रोगांवर शहरात काम करणे सोयीचे नाही म्हणून ती १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवण्यात आली, आणि तिच्यातूनच पुढे आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली. त्या काळी वस्तीपासूनचे अंतर हेच मुख्य संरक्षण होते; आता ते काम हवेचा दाब नियंत्रित केलेल्या, गाळणी लावलेल्या खोल्या करतात.

‘मिळालेल्या उत्तरावर विश्वास कितपत ठेवायचा?’

माझ्या मते धोक्याच्या शंकेपेक्षा ही शंका अधिक वजनदार आहे. एखादा उत्परिवर्ती जिवाणू जनावरातून परत आला नाही, याचा अर्थ त्याचे जनुक गरजेचे होते, असाच असतो असे नाही. समजा, दहा हजार प्रकारांचे मिश्रण टोचले आणि सुरुवातीच्या झटापटीत त्यांपैकी जेमतेम तीनशे पेशी तग धरून पुढे वाढल्या. मग उरलेल्या बहुतेकांचा बळी निव्वळ नशिबाने गेला, त्यांच्या जनुकांचा त्यात काही दोष नाही. म्हणून मिश्रण लहान ठेवणे, एकाहून अधिक जनावरांत तेच पुन्हा तपासणे आणि निकाल जुळले तरच ते धरणे, अशी पथ्ये पाळावी लागतात.

याच्या उलटही घडते. ज्याला एखादा पदार्थ बनवून बाहेर सोडता येत नाही, तो जिवाणू शेजाऱ्यांनी सोडलेल्या पदार्थावर निभावून नेतो आणि मिश्रणात अगदी सुदृढ दिसतो. बाहेर सोडली जाणारी विषे या पद्धतीच्या नजरेतून निसटतात ती यामुळेच. काही कामांसाठी जिवाणूकडे दोन जनुके असतात, त्यांपैकी एक मोडले तर दुसरे सांभाळून घेते. शिवाय जिवाणूंत एकामागोमाग एक असलेली अनेक जनुके एकाच दमात वाचली जातात, त्यामुळे पहिल्यात घातलेला अडथळा पुढच्यांनाही बंद पाडतो आणि दोष भलत्यावरच येतो.

या सर्वांवरचा उतारा स्टॅन्ली फाल्को यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या कसोट्यांत आहे. संशयित जनुक दुसऱ्या, स्वच्छ रीतीने एकट्याने काढून टाकावे आणि जिवाणू दुबळा होतो का ते पाहावे. मग तेच जनुक परत घालावे आणि ताकद परत येते का ते पाहावे. दोन्ही गोष्टी झाल्या, तरच जनुकाचा सहभाग सिद्ध मानावा. लायब्ररीतून मिळते ती संशयितांची यादी. तिला निकाल समजण्याची घाई बातम्यांत वारंवार होते.

ही खबरदारी किती आवश्यक आहे, हे ब्रुसेलाच्या ‘आरबी-५१’ या लसीवरून दिसते. ब्रुसेलाला रिफॅम्पिसिन या औषधाच्या सान्निध्यात पुन्हापुन्हा वाढवून, आपोआप झालेल्या बदलांतून ती निवडण्यात आली. पुढे पाहणी केली, तेव्हा जिवाणूच्याच एका ट्रान्सपोझॉनसदृश तुकड्याने उडी मारून त्याच्या पृष्ठभागावरील शर्करासाखळी बनवणारे जनुक तोडल्याचे आढळले. प्रश्न सुटला असे वाटले. पण ते जनुक परत घातल्यावरही जिवाणूचा पृष्ठभाग पूर्वीसारखा झाला नाही, म्हणजे बिघाड आणखी कुठेतरीही होता.

‘उंदीर म्हणजे म्हैस नव्हे, आणि मग जनावरांचे काय?’

उंदरात मिळालेले निकाल म्हशीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. साल्मोनेलाच्या तीन प्राण्यांवरील कामानेच ते दाखवले आहे. मात्र मोठ्या जनावरांत सांसर्गिक प्रयोग करायचे तर बंदिस्त गोठे, प्रशिक्षित माणसे आणि मोठा खर्च लागतो, आणि अशा सोयी देशात मोजक्याच आहेत. घटसर्पाचे प्रयोग उंदरांवर अधिक होतात त्याचे एक कारण इतके व्यावहारिक आहे. दुसरीकडे प्राण्यांच्या यातनांचा मुद्दाही खरा आहे. एकाच जनावरात शेकडो उत्परिवर्ती प्रकार तपासण्याच्या पद्धतीमुळे जनावरांची संख्या पुष्कळ घटते, आणि प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. तरी जी जनावरे वापरली जातात त्यांना त्रास होतोच, हे नाकारण्यात अर्थ नाही.

संगणकावर जनुकसंच वाचून हे सगळे का कळू नये, असेही विचारले जाते. अक्षरे वाचता येणे आणि त्यांचा अर्थ लागणे यांत फरक आहे. एखादे जनुक माहितीतल्या दुसऱ्या जनुकासारखे दिसले तर तर्क करता येतो, पण ज्याच्यासारखे काहीच माहीत नाही तिथे तर्काला आधार उरत नाही.

लसीच्या बाटलीपर्यंतचा रस्ता

दुबळेपणाचे कारण ठाऊक असलेल्या जिवाणूतून लस बनवायची, तर एकाऐवजी दोन दूरदूरची जनुके पूर्णपणे काढून टाकता येतात. एक बिघाड निसर्गतः दुरुस्त झाला तरी दुसरा उरतो, त्यामुळे लसीचा जिवाणू पुन्हा जहाल होण्याची शक्यता फारच कमी होते. ट्रान्सपोझॉन स्वतः अशा लसीत ठेवत नाहीत, कारण जो आत उडी मारू शकतो तो बाहेरही पडू शकतो. त्याचे काम जनुक दाखवून देण्यापुरते. कॅनामायसिनचे जनुकही अंतिम लसीत राहू देत नाहीत.

दुसरा लाभ रक्ततपासणीचा. एस-१९ लस मोठ्या वयात दिलेल्या गाईच्या रक्तात जी प्रतिपिंडे तयार होतात ती दीर्घकाळ राहतात आणि खऱ्या लागणीच्या प्रतिपिंडांसारखीच दिसतात. त्यामुळे जनावर लस घेतलेले आहे की रोगी, हे नेहमीच्या चाचणीत समजत नाही. कोवळ्या वयाच्या कालवडींनाच ती देण्याचे हे एक कारण आहे. आरबी-५१ मध्ये ती शर्करासाखळीच नसल्याने हा घोळ होत नाही. पण रिफॅम्पिसिन तिच्यावर चालत नाही, आणि माणसाच्या ब्रुसेलोसिसवर वापरल्या जाणाऱ्या औषधांत रिफॅम्पिसिन प्रमुख आहे. म्हणून लस टोचताना सुई स्वतःच्या हाताला लागली, तर पशुवैद्यकाने ती कोणत्या लसीची होती हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक ठरते. एस-१९ हाही जिवंत जिवाणू आहे आणि तोही माणसाला आजारी पाडू शकतो, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा दोन्ही लसींच्या वेळी हवेतच.

घटसर्पाच्या बाबतीत दुबळ्या जिवंत लसीचे प्रयोग झालेले असले, तरी आपल्या गोठ्यांत येणारी लस अजून प्रामुख्याने मृत जिवाणूंचीच आहे. तेलात बांधलेली लस तुरटीच्या लसीपेक्षा अधिक काळ, साधारण वर्षभर, संरक्षण देते, पण ती दाट असल्याने टोचायला जड जाते. प्रयोगशाळेतल्या जनुकांच्या यादीपासून परवाना मिळालेल्या लसीपर्यंत, जनावरांतल्या सुरक्षिततेच्या, परिणामकारकतेच्या आणि उत्पादनाच्या चाचण्यांची लांब रांग असते. तोवर म्हशीला पावसाच्या किमान दोन-तीन आठवडे आधी लस मिळणे महत्त्वाचे, कारण टोचल्यापासून प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढे दिवस लागतात.